गोळ्यांचं बिल मेथीच्या पेंडीत

नमस्कार मंडळी, जेवणं झाली काय? नसतील झाली तर बरंच, कारण आज रेडिओवर ताटावरच बोलायचंय. विषय मला असा दिलाय की पालेभाजी, डाळी, कडधान्यं, भाकरी असं मातीतनं येणारं खाणं वाढवलं तर दवाखान्याचा खर्च आवाक्यात राहील काय, घरचा पण आणि सरकारचा पण. माझं उत्तर, राहील. पण हे मला आमच्या मामीनं शिकवलंय, म्हणून आधी मामीचं सांगतो, आकडे मागनं बघू.

आमचे मामा बेळगावजवळच्या उचगावच्या बाजूचे, लाल मातीतले. दीड एकरात मेथी, शेपू, कोथिंबीर, मधे कधी रताळी. गळ्यात माळ आहे, आयुष्यात अंडं सुद्धा चाखलेलं नाही आणि तरी बावन्नाव्या वर्षी शुगर पण निघाली, बीपी पण. मामा म्हणायचे, मी माळकरी, मला कशी झाली ओ? अहो कशी म्हणजे, सकाळी खारी बुडवून दोन कप गोड चहा, दुपारी डोंगराएवढा भात आणि त्यावर आमटीचं नुसतं पाणी, संध्याकाळी भजी, बेळगावात बाजाराला आले की पाव किलो गोड कुंदा, त्यातला निम्मा परतीच्या बसमधेच संपलेला. परत सांगतो, मांस न खाणं वेगळं आणि भाजी खाणं वेगळं. मामांच्या शेतातली भाजी गोव्याची माणसं खायची, मामा नाही.

औषध दुकानाची बिलं मामा खुंटीच्या तारेला टोचून ठेवायचे, लाइट बिलाच्या शेजारी. एका रात्री मामीनं ती तार काढली, चष्मा लावला आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. मामी चौथी पास, पण तिच्या हिशेबात अजून कुणाला चूक सापडलेली नाही. महिन्याच्या गोळ्या अकराशे चाळीस रुपये. मेथीची पेंडी, म्हणजे जुडी, त्या आठवड्यात शेतावर चार रुपयाला चाललेली. म्हणजे महिन्याला २८५ पेंड्या नुसत्या गोळ्यांना. दिवसाला साडेनऊ.

पहाटे तीनला टेम्पो आला, मामा आणि पोरगं माल भरायलेत, एवढ्यात मामी डोक्यावर पदर, हातात बॅटरी घेऊन हजर. तिनं टेम्पोतनं मोजून दहा पेंड्या खाली काढल्या. ड्रायव्हर म्हणाला, मावशी हे काय ओ, गोव्याचा माल आहे हा. मामी म्हणाली, हे औषधाचं बिल आहे, साडेनऊच होतंय पण अर्धी पेंडी कुठं मोडत बसू. आणि सरळ आत गेली. दुसऱ्या दिवशी परत दहा. तिसऱ्या दिवशी मामा आडवे आले तर म्हणाली, दुकानदार नेतोय तेव्हा आडवं येत नाही, मी नेतेय तर येताय होय.

आता रोज दहा पेंड्या मेथी घरात कोण खाणार? तीन ठेवायची, सात गल्लीत वाटायची. आठवडाभरात अशी वेळ आली की मामी दारात दिसली की शेजारणी कडी लावायच्या! आणि घरात मेथीची मूगडाळ घालून सुकी भाजी, मेथीची पातळ भाजी, कच्ची मेथी वर कांदा, शेंगाची चटणी आणि तेलाची धार, शेजारी जोंधळ्याची भाकरी, कधी हुलग्याची नाहीतर मटकीची उसळ. भात राहिला, पण एक वाटी आणि शेवटी. मामा दहाव्या दिवशी ताटावर भडकले, मी काय म्हैस आहे काय? मामी म्हणाली, म्हैस बरी, तिला शुगर नाही.

पंगतीचं एक बोलून घेतो, विषय नाही तरी. पूर्वी लग्नात वाढपी कोशिंबीर, उसळ, भाजी सगळं पानात टाकून जायचा, खावंच लागायचं. आता बुफेत माणूस ताट घेऊन सरळ पनीर आणि जिलेबीच्या काउंटरला. माझ्या मते बुफे आल्यापासून आपली शुगर वाढलीय, आणि ताट धरून उभ्यानं खायचं हे काही बरं नव्हे. असो.

तर मामांचं. गोळ्या एक दिवस चुकवल्या नाहीत, संध्याकाळी बांधावरनं एक चक्कर वाढवली, कुंदा सणापुरता ठेवला. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून स्वतः एक गोळी बंद केली, एक अर्धी केली. बिल अकराशे चाळीसवरनं सातशे साठवर. शुगर गेली नाही हं, ती आहेच, पण बिल उतरलं.

आता आकडे, पटापट सांगतो. २०२३ मधे आयसीएमआर, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत देशात मधुमेहाचे १०.१ कोटी लोक निघाले. २०२४ मधे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सांगितलं की आपल्याकडच्या एकूण आजारांच्या ओझ्यातलं ५६.४ टक्के ओझं चुकीच्या खाण्यापायी आहे. तुम्ही म्हणाल सरकारचं पाच लाखाचं आयुष्मान कार्ड आहे की. आहे, पण ते ॲडमिट झाल्यावरचं, दर महिन्याच्या दुकानातल्या गोळ्या त्यात बसत नाहीत. आणि एवढे कोटी लोक उद्या हार्ट, किडनीसाठी ॲडमिट व्हायला लागले तर कुठल्या सरकारची तिजोरी पुरणार, सांगा.

फिनलंडमधे उत्तर करेलिया म्हणून एक जिल्हा आहे, तोही आपल्यासारखा सीमाभागच, पलीकडे रशिया. लोणी, चरबी, मीठ भरपूर आणि तरुण माणसं हार्टनं जायची. १९७२ पासून गावोगाव फिरून लोकांचं खाणं बदललं, भाजी-फळं वाढवली, दुधाचे काही शेतकरी बेरी लावायला लागले आणि पस्तीस-चाळीस वर्षांत कामकऱ्या वयाच्या पुरुषांचे हार्टचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. तंबाखू पण कमी केली होती त्यांनी, तंबाखू पिकवणाऱ्या निपाणीकरांनी राग मानू नये.

आणि ताटात किती, तर त्याच पोषण संस्थेच्या हिशेबात दिवसाला भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, दाणे-बिया मूठभर. चारशे ग्रॅम, लक्षात ठेवा, चारशे. पाकिटातली महागडी मिलेट बिस्किटं यात धरू नका, जोंधळा आणि नाचणी आपल्या कणगीत आहे, खानापूरकरांना तर नाचणी मी काय सांगणार.

तीन गोष्टी मात्र ऐका. भाजी सुरू केली म्हणून मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत, शुगर एकदम खाली येऊ शकते, डोस डॉक्टरच कमी करणार. किडनीचा त्रास असेल तर पालेभाजी किती ते पण त्यांनाच विचारा. आणि बी-१२ भाजीत नसतं. मामांना हातापायाला मुंग्या यायच्या, तपासलं तर बी-१२ तळाला, माळकरी माणूस आणि वर शुगरची मेटफॉर्मिन गोळी, दोन्हींनी ते उतरतं. आता दूध-ताक चालू आहे आणि त्याची वेगळी गोळी.

बिल उतरल्यावर ड्रायव्हर मामीला म्हणाला होता, मावशी आता हिशेबानं सहाच पेंड्या होतात. मामी म्हणाली, सहा आणि वर थोडं, म्हणजे सात. काचेपलीकडनं मला हात दाखवायलेत, वेळ संपली. मामी रेडिओ लावून बसलीच असणार, आणि उद्या सकाळी फोन येणार की त्या आठवड्यात भाव चार नव्हता, साडेतीन होता. नमस्कार.