निकाल फिरवणारं वाक्य १९१० पासून छापलेलं होतं

नमस्कार मंडळी!

मे १९०९, एडिंबरोचं हायकोर्ट. आरोपीच्या पिंजऱ्यात ऑस्कर स्लेटर नावाचा जर्मन ज्यू माणूस उभा आहे. ग्लासगोतल्या मॅरियन गिलख्रिस्ट या वयोवृद्ध, पैसेवाल्या बाईंचा खून केल्याचा आरोप. आणि न्यायाधीश लॉर्ड गथ्री ज्युरीला काय सांगतात? गुन्हा शाबित होईपर्यंत निर्दोष मानलं जाण्याचा जो आधार साध्या माणसाला असतो, तो असल्या चालीच्या माणसाला नसतो!

ज्युरीत १५ जण. ९ म्हणाले दोषी, ५ म्हणाले शाबित झालं नाही (हा स्कॉटलंडमधला वेगळा, तिसरा निकाल; यातही आरोपी सुटायचा), एक म्हणाला निर्दोष. स्कॉटलंडमध्ये साधं बहुमत पुरायचं. फाशी ठरली आणि दोन दिवस उरले असताना तिची जन्मठेप झाली.

हे सगळं आज इतकं बारकाईनं वाचता येतं ते एका पुस्तकमालिकेमुळे. तिचं नाव 'नोटेबल ब्रिटिश ट्रायल्स'.

विल्यम हॉज आणि कंपनी ही स्कॉटलंडमधली छपाई आणि प्रकाशन करणारी संस्था. कोर्टातलं लघुलेखनही तिच्याकडे असायचं. साक्षीदार जे बोलला ते जसंच्या तसं टिपून घेणं, हा तिचा रोजचा धंदा. तिथल्या हॅरी हॉज यांनी १९०५ मध्ये ही मालिका सुरू केली. पहिला खंड मॅडेलिन स्मिथचा, प्रियकराला आर्सेनिक घातल्याच्या १८५७ च्या खटल्याचा. आधी फक्त स्कॉटिश खटले, मग इंग्लंडचेही. बायकोच्या खुनासाठी फासावर गेलेला डॉक्टर क्रिपेन, देशद्रोहाचा आरोप झालेला रॉजर केसमेंट, बाउंटी जहाजावरचे बंडखोर... १९५९ पर्यंत ८३ खंड निघाले.

खंड उघडला की आधी संपादकाची प्रस्तावना, मग साक्षी, वकिलांची भाषणं आणि न्यायाधीशांनी ज्युरीला केलेलं मार्गदर्शन. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती उलटतपासणी. 'साक्षीदारानं आरोपीला ओळखलं' एवढं वर्तमानपत्र सांगून मोकळं होतं. तो किती ठाम होता, आधी काय बोलला होता, कुठे अडखळला, हे इथे कळतं.

स्लेटरचाच खंड घ्या. विल्यम रफहेड हे एडिंबरोचे वकील खटल्याला स्वतः हजर होते. त्यांनी तो १९१० मध्ये संपादित केला. पोलिस स्लेटरपर्यंत पोचले होते हिऱ्यांच्या ब्रोचमुळे. बाईंचा चंद्रकोरीसारखा ब्रोच चोरीला गेला होता आणि स्लेटर तसल्याच एका ब्रोचची गहाणाची पावती विकायला काढून बसला होता. पण खून २१ डिसेंबरचा आणि तो ब्रोच १८ नोव्हेंबरपासूनच सावकाराकडे पडून! तो बाईंचा नव्हताच. धागा तिथेच तुटला होता, तरी स्लेटरला न्यूयॉर्कहून धरून आणलं. हे वाचताना मला अजूनही संताप येतो.

रफहेड यांच्या खंडाचा आधार घेऊन शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनी १९१२ मध्ये या अन्यायावर पुस्तिका लिहिली. सुटका मात्र १९२७ ची. स्कॉटलंडमध्ये फौजदारी अपिलाचं कोर्टच १९२६ पर्यंत नव्हतं. शेवटी १९२८ मध्ये निकाल रद्द झाला. कारण? न्यायाधीशांनी ज्युरीला चुकीचं मार्गदर्शन केलं. म्हणजे मी सुरुवातीला सांगितलं तेच, १८ वर्षं छापलेलं वाक्य.

दुसरं उदाहरण या मालिकेतल्या १९५७ च्या खंडाचं, संपादक एफ. टेनिसन जेसी. या बाईंनी टिमथी इव्हान्स आणि जॉन ख्रिस्टी यांचे खटले एकाच पुस्तकात आणले. दोघंही लंडनच्या एकाच घरात राहायचे. स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनासाठी इव्हान्सला १९५० मध्ये फाशी झाली आणि सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार होता ख्रिस्टी. तीन वर्षांनी त्याच घरात आणखी प्रेतं सापडली, ख्रिस्टीही फासावर गेला. इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली ती १९६६ मध्ये. ख्रिस्टीची पहिल्या खटल्यातली साक्ष वाचायची आणि लगेच दुसऱ्या खटल्यातला त्याचा कबुलीजबाब. ही सोय कुठल्याच बातमीत नाही.

जुने बरेच खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात. स्लेटरचा खंड उघडलात तर प्रस्तावनेवर थांबू नका. शेवटाकडे जा, लॉर्ड गथ्रींचं मार्गदर्शन वाचा आणि तुम्ही ज्युरीत असता तर कुठलं मत दिलं असतं, ते खाली लिहा.