गेम दाखवते काय आणि करायला लावते काय

नमस्कार मंडळी. वाचनालयाकडून विषयाचा कागद आला तेव्हा त्यावर लिहिलेलं होतं, 'व्हिडिओ गेम्स: शाप की वरदान'. मी म्हटलं यावर मी बोलणार नाही, हा शाळेतल्या निबंधाचा विषय झाला. पिक्चर बघून आलेल्या माणसाला आपण शाप की वरदान विचारत नाही ओ, कसा आहे विचारतो, कुणी केलाय, इंटरव्हलनंतर ढिला पडतोय काय विचारतो. गेमबद्दल आपल्या घरात दोनच वाक्यं ऐकू येतात, पोरगं म्हणतं "एक नंबर गेम आहे" आणि आई म्हणते "ठेव तो मोबाईल आधी". या दोन वाक्यांच्या मधली सगळी जागा रिकामी आहे आणि आज मला तिथंच बोलायचंय.

बेळगावात टिळकवाडीत, आरपीडी कॉर्नरपासून जवळच, माझं गेमिंग कॅफे होतं. कॉलेज सुटलं की पोरं यायची, आणि मी खेळण्यापेक्षा जास्त वेळ त्यांच्या खुर्चीमागं उभा राहून बघायचो. त्यातनं माझं एक मत पक्कं झालं. गेम कशी आहे हे ठरवायचं असेल तर ती स्क्रीनवर काय दाखवते ते नंतर बघा, आधी ती माणसाला परत परत काय करायला लावते ते बघा. रक्त दिसलं म्हणून वाईट आणि फुलं दिसली म्हणून चांगली असं नसतंय. आणि हे प्रत्येक प्रकारात वेगळं बघावं लागतं.

आता मारिओ घ्या. 1985 ची गेम, निन्टेंडोच्या शिगेरू मियामोतोची. आपल्याकडं ती टीव्हीला जोडायच्या त्या स्वस्त व्हिडिओ गेमवर आली, कॅसेटवर शेकडो गेम्स लिहिलेल्या असायच्या आणि निम्म्या त्याच त्याच. तिचा पहिला स्क्रीन आठवा. मारिओ डाव्या बाजूला उभा, उजवीकडं सगळं मोकळं, म्हणजे जायचं कुठं ते कळलं. समोरून तो तपकिरी गोळा चालत येतो, धडकलात की मेलात, मग उडी मारायची हे कळलं. वर प्रश्नचिन्हाचा डबा, उडी मारताना डोकं लागतं आणि नाणं निघतं. पुढच्या डब्यातनं मशरूम निघून उजवीकडं पळतं, खाली पडून पाइपाला आपटतं आणि उलटं तुमच्याच अंगावर येतं, म्हणजे ते चांगलं की वाईट हे माहीत नसताना सुद्धा बहुतेकांना ते मिळून जातं. एक अक्षर वाचावं लागत नाही! म्हणून शहापूरच्या कन्नड मीडियमच्या पोराला आणि येळ्ळूरच्या मराठी शाळेतल्या पोरीला ती सारखीच खेळता आली. याला मी उत्तम डिझाइन म्हणतो आणि आजच्या बऱ्याच महागड्या गेम्सना हे जमत नाही, पहिला अर्धा तास बाणच दाखवत बसतात, हे बटन दाबा, आता इकडं या.

मारामारीच्या गेम्सचं थोडक्यात सांगतो. टेकन थ्री सगळ्यांनी खेळलेली आहे, आणि त्यात एडी गोर्डो नावाचा लढवय्या घेऊन सगळी बटनं एकदम बडवायची आणि जिंकायचं हे पण सगळ्यांनी केलंय. पण ते नवख्यांतच चालायचं. ज्याला थांबून बचाव करता येतो, समोरच्याचा डाव बघून उत्तर देता येतं, तो एडीवाल्याला दोन मिनिटात घरी पाठवायचा. फायटिंग गेमला माझी कसोटी तीच, खेळणारा वर्षभरानं वेगळं खेळतोय काय? टेकनमध्ये खेळायचा.

आता बंदुकीच्या गेम्स, ज्यांच्यावरनं पालक सगळ्यात जास्त चिडायचे. काउंटर-स्ट्राइक मूळ दुसऱ्या गेमवर हौशी लोकांनी केलेला बदल होता, 1999 चा, पुढच्या वर्षी व्हॉल्व्ह कंपनीनं तो स्वतः आणला. बाहेरनं बघणाऱ्याला त्यात गोळ्याच दिसतात. पण कॅफेत माझ्या कानावर काय यायचं? "या राऊंडला कुणी काही घेऊ नका, पैसे वाचवा." "मी एके-47 टाकतो, तू उचल." त्या गेमचा जीव पैशात आहे. पहिल्या राऊंडला 800 डॉलर, त्यात पिस्तुल आणि फार तर एखादी वस्तू. हरलात तर पुढचा राऊंड मुद्दाम उपाशी काढायचा की सगळं उधळायचं हे पाच जणांनी मिळून ठरवावं लागतं, आणि एकानं स्वतःपुरतं बघितलं की टीम बसते. म्हणजे बघायला गोळीबार, करायला हिशोब आणि एकमेकांशी बोलणं. शिव्या पण भरपूर चालायच्या, ते मी झाकून ठेवत नाही, पण एखादा आई-बाप मागं येऊन दहा मिनिटं नुसता ऐकत उभा राहिला असता तर त्याचं मत थोडं तरी हललं असतं असं मला मनापासून वाटतं.

उलट कथेच्या मोठमोठ्या गेम्सचं खूप कौतुक होतं तिथं मी जरा हात आखडता घेतो. 2012 ला स्पेक ऑप्स द लाइन म्हणून एक आली, युद्धाची. त्यात एका ठिकाणी पांढरा फॉस्फरस टाकायला लावतात, नंतर कळतं की त्यात सामान्य लोक जळाले, आणि मग गेम तुम्हाला दोषी ठरवते. प्रसंग अंगावर येतो, खरं आहे. पण त्या जागी दुसरी वाटच ठेवलेली नाही ओ, पुढं जायचं तर टाकायलाच लागतंय. दार एकच ठेवायचं आणि वर हे दार का उघडलंस म्हणून विचारायचं, हे मला पटत नाही. रेड डेड रिडेम्पशन टू मध्ये पण वेगळ्या तऱ्हेनं हेच होतं, 2018 ची, बर्फ काय, घोडे काय, एवढं जिवंत जग मी दुसरीकडं बघितलं नाही, मोकळे फिरा काहीही करा, आणि एकदा मिशन सुरू झालं की ठरलेल्या रस्त्यावरून थोडं बाजूला गेलात की मिशन फेल. मग ते एवढं मोठं रान केलं कशाला?

बरं, आता जिच्यासाठी मी मुद्दाम वेळ राखून ठेवलाय ती. पेपर्स, प्लीज. 2013 ची, लुकास पोप नावाच्या माणसानं जवळजवळ एकट्यानं केलेली. चित्रं अगदी साधी, मळकट रंग. तुम्ही आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर खिडकीत बसलेले कारकून, साल 1982. ग्रेस्टिन नावाचं गाव आहे, सीमा त्याच्या मधनंच गेलीय, पूर्व ग्रेस्टिन एकीकडं आणि पश्चिम ग्रेस्टिन दुसरीकडं. लोक रांगेनं येतात, त्यांचे कागद बघायचे, पासपोर्टची तारीख, फोटो, शिक्का, आणि आत सोडायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं. रोज नियम बदलतात. एका माणसामागं पाच क्रेडिट मिळतात, त्यातनं संध्याकाळी घरभाडं, जेवण आणि घर गरम ठेवायचा खर्च. चूक झाली तर पहिल्या दोनदा नुसती ताकीद, त्यानंतर दंड.

एक दिवस एक माणूस येतो, कागद चोख, तो आत जातो, जाताना सांगतो माझी बायको मागंच आहे, तिच्याशी जरा नीट वागा. ती येते. तिच्याकडं प्रवेशाचा परवाना नाही. सोडलं तर ताकीद तुमच्या नावावर, नाही सोडलं तर नवरा पलीकडं आणि ती अलीकडं. आणि गेम तुम्हाला यावर भाषण देत नाही, करुण संगीत वाजवत नाही, हातात दोन शिक्के तेवढे असतात, हिरवा आणि लाल. इथं खरंच दोन्ही वाटा उघड्या आहेत आणि दोन्हीची किंमत तुम्हीच भरता. मगाशी म्हटलं ना एकच दार, त्याच्या अगदी उलट.

या सभागृहात बसलेल्यांना हे मी वेगळं काय सांगू, 1956 ला राज्याची सीमा मधनं गेली, तेव्हापासून आपली निम्मी सोयरीक त्या बाजूला, महाराष्ट्रात. पासपोर्ट लागत नाही, मान्य, तेवढा फरक मोठाच आहे. पण कागद घेऊन रांगेत उभं राहणं आपल्याला पाठ आहे. उतारा कन्नडात, तो वाचून घ्यायला कुणाला तरी बरोबर न्यायचं, मग कळतं एक दाखला कमी आहे, उद्या या. या खिडकीच्या बाहेर आपण जन्मभर उभे राहिलोय आणि ही गेम तुम्हाला आतल्या खुर्चीवर बसवते, मागं पोराचं आजारपण ठेवते, आणि मग बघते तुम्ही किती वेळ माणूस राहताय. मी तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत लोकांचे चेहरे बघत होतो, नंतर नुसत्या तारखाच बघायला लागलो. हे कुठल्या लेखानं माझ्याकडनं करून घेतलं नसतं. माझ्या मते गेम या माध्यमात काय ताकद आहे ते बघायचं असेल तर ही खेळा. साध्या लॅपटॉपवर चालते.

दुसरा आपल्या जवळचा प्रकार म्हणजे शेतीच्या गेम्स. हसू नका, जगभर प्रचंड खेळतात. फार्मव्हिल 2009 ची, फेसबुकवरची, बऱ्याच जणांना आठवत असेल, 2020 च्या शेवटच्या दिवशी ती बंद झाली. तिच्यात पीक लावलं की ठरलेल्या वेळेत येऊन काढायचं, नाही आलात तर वाळून जायचं. ते वाळणं शेतीसाठी नव्हतंच, तुम्ही परत यावं म्हणून होतं. स्टारड्यू व्हॅली बघा, 2016 ची, एरिक बॅरोन नावाच्या पोरानं एकट्यानं केली, चित्रं, संगीत, सगळं. आजोबाची पडकी शेती सांभाळायची. तिच्यात पाणी घालायचं राहिलं तर पीक मरत नाही, त्या दिवसापुरतं वाढायचं थांबतं एवढंच. रागावत नाही ती तुमच्यावर. मला ही गेम फार आवडते, कामावरनं आल्यावर डोकं शांत करणारी दुसरी अशी नाही.

पण खानापूर, चिकोडी, निपाणीच्या माणसानं ती खेळली की त्याला एक गोष्ट लगेच खटकते. माल पेटीत टाकला की रात्रीत पैसे जमा! सकाळी उठलं की आलेले असतात, दर ठरलेला, वजनात मारामारी नाही, तोडणीच्या टोळीची वाट बघणं नाही, ऊस जाऊन महिने झाले आणि बिल कधी निघणार म्हणून फेऱ्या नाहीत. फार्मिंग सिम्युलेटरमध्ये जरा बरं आहे, स्वित्झर्लंडच्या कंपनीची ती, तिथं दर वर-खाली होतात, कर्ज काढता येतं, नंतर नंतर ऊससुद्धा आला. पण तिथं तरी तुम्ही काय करता? जास्त दर असलेल्या ठिकाणी ट्रॅक्टर नेता. 1981 ला निपाणीत शरद जोशींबरोबर तंबाखूच्या दरासाठी शेतकरी हायवेवर बसले होते, इथल्या काही जणांच्या घरातले लोक असतील त्यात. दरासाठी भांडणं हे आपल्याकडं नांगरटीइतकंच शेतीचं काम आहे आणि ते करायला लावणारी शेतीची गेम माझ्या बघण्यात आलेली नाही. ही माझी त्या पूर्ण प्रकारावरची टीका आहे. नांगरतात, पेरतात, कापतात, आणि जिथं शेतकऱ्याचं खरं रक्त आटतं ती जागा सगळेच उडी मारून ओलांडतात. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजमधलं कुणी बसलं असेल तर हा विषय घ्या, फुकट देतोय.

आता मोबाईल, कारण शेवटी घरोघरी तेच आहे. पब्जी मोबाईलवर आली 2018 ला, सप्टेंबर 2020 ला बंदी आली, मग बीजीएमआय नावानं 2021 ला परत, 2022 ला पुन्हा काढली, 2023 ला पुन्हा आली. या येण्याजाण्यात गेमबद्दल कुणी बोललंच नाही. गेम म्हणून तिचा गाभा चांगला आहे असं माझं स्पष्ट मत आहे. शंभर माणसं एका बेटावर उतरतात, वर्तुळ लहान होत जातं, आणि बराचसा वेळ तुम्ही नुसते गवतात पडून पावलांचा आवाज ऐकत असता. ती भीती फार नेमकी बांधलेली आहे. पण त्या गेमच्या भोवती एक दुकान आहे, आणि ते वेगळं मोजायला पाहिजे. पेट्या, पास, रोजची कामं, आज नाही आलास तर बक्षीस गेलं, म्हणजे परत फार्मव्हिलचं वाळलेलं पीकच. कँडी क्रशमध्ये पण तेच, पाच जीव संपले की अर्ध्या तासाला एक परत येतो, थांबायचं नसेल तर पैसे टाका. हात अगदी रंगात आला की नेमका तेव्हाच अडवायचा, हे खेळाचं डिझाइन नाही, वसुलीचं आहे. पालकांना मी सांगतो, "काय करुलालास रे?" एवढं विचारून थांबू नका, पुढचं विचारा, ही गेम तुला आज परत का बोलवतेय? पोरं बरोबर उत्तर देतात, त्यांना सगळं कळतं.

पैसे लावून खेळायच्या रमीवगैरेचा मी यात विचारच करत नाही. कर्नाटकानं 2021 ला कायदा केला, फेब्रुवारी 2022 ला हायकोर्टानं तो रद्द केला, ऑगस्ट 2025 ला केंद्राचा बंदीचा कायदा आला. तो वेगळा विषय, वेगळं व्याख्यान.

एक शेवटचं, कारण मगाशी चहाच्या वेळी एकानं विचारलं, आपल्या लोकांनी केलेल्या गेमबद्दल काय. राजी: अॅन एन्शंट एपिक, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची, 2020 ला आली. भाऊ हरवलेल्या मुलीची गोष्ट, आणि ती आपल्याला सांगतात दुर्गा आणि विष्णू, आपसात बोलत बोलत. महाल, भिंतीवरची चित्रं, प्रकाश, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण मारामारी थोड्या वेळानं तीच तीच होते, आणि शेवट असा अचानक येतो की आपण अजून काहीतरी असेल म्हणून वाट बघत बसतो. पुण्याची आहे म्हणून मी हे न बोलता सोडायचं काय? मला तसं वाटत नाही. ज्या लोकांनी एवढी मेहनत केली त्यांना जपानी गेमला लावतो तेच माप लावलं पाहिजे, आणि ते आपल्याच भाषेत लिहून त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे. पुढची गेम करताना त्यांच्या कामाला तेच येईल.

आता तुम्ही विचारा. मागच्या रांगेतल्या पोरांनी आधी विचारा, कन्नडात विचारलं तरी चालतंय.