गाडीचा रंग : मेस्तकडे (गॅरेजमधल्या मिस्त्रीकडे) की घरच्या अंगणात?

[दृश्य : म्हापशातली गल्ली, पावसात उभ्या गाड्या. कॅमेरा एका चाकाच्या कमानीवर थांबतो.]

निवेदन :
गोव्यात गाडीचा रंग दोन बाजूंनी जातो. छपरावरचा आणि बॉनेटवरचा उन्हाने जातो. आधी चकाकी जाते, मग वरच्या पारदर्शक थराचे पापुद्रे सुटतात. खालचा रंग ओलीने जातो. चार महिने पाऊस, किनाऱ्याची खारी हवा, आणि डिचोली-सत्तरीकडची तांबडी माती, जी कमानीत आणि दाराच्या खालच्या काठात बसली की पाणी धरून ठेवते. उन्हाने गेलेला रंग डोळ्यांना खुपतो एवढंच. ओलीने गेलेला पत्रा खातो. हातात पैसे थोडे असतील तर ते आधी कुठे घालायचे, हे इथेच ठरतं.

[दृश्य : जवळून. रंगाखाली उठलेला बारीक फोड. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक.]

हा फोड बघा. टोकाने टोचला की रंगाची खपली निघते आणि खालून तपकिरी भुगा पडतो. खरवडत गेलं की रुपयाच्या नाण्याएवढी जागा उघडी होते. गंज रंगाखालून पसरतो, त्यामुळे वरून दिसतो त्यापेक्षा तो नेहमी मोठाच असतो. यावर कितीही भारी रंग मारला तरी फोड परत येणार.

[दृश्य : घराचं अंगण. जुनी पांढरी हॅचबॅक, बादली, पाणीपेपर.]

जुन्या गाडीची विक्रीची किंमत आधीच उतरलेली असते. चांगल्या वर्कशॉपमध्ये अख्खी गाडी रंगवायची तर खर्च पाच आकड्यांत जातो. तेव्हा मनात येतं, भाड्याने कॉम्प्रेसर आणू, रंग फवारायची गन आणू, रविवारी घरीच मारू.

आमचं म्हणणं स्पष्ट आहे : अख्खी गाडी घरी रंगवू नका.

पहिलं कारण छातीचं. आजचा टिकाऊ रंग टूके असतो, म्हणजे रंगात हार्डनर मिसळावा लागतो. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनमधून त्याचा धुरळा उडतो आणि श्वासातून छातीत जातो. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोडासा वासही सोसत नाही. घातक प्रमाणात असतानाही नाकाला ते कळेलच असं नाही. औषधाच्या दुकानातला कापडी मास्क इथे काही कामाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. घरात लहान मूल असेल, शेजारी म्हातारी माणसं असतील, तर हा विषय इथेच संपवा.

दुसरं कारण हवेचं. कारखान्यात रंग भट्टीत भाजला जातो. तेव्हा गाडीत वायरी, प्लास्टिक काही नसतं, म्हणून सुमारे 140 अंशांपर्यंत तापवता येतं. चांगल्या वर्कशॉपच्या बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, साधारण 60 अंश. अंगणात मात्र आंब्याच्या झाडाचा चीक, धूळ आणि दमट वारा. स्वस्तातला एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, रंग दमट हवेत मारला तर त्यातला थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंग पांढुरका होतो. मेस्त लोकांना हे पाठ असतं.

[दृश्य : फोंड्याजवळचं डेंटिंग-पेंटिंग गॅरेज. श्रावणातली दुपार.]

“मेस्त, गणेश चवथीपर्यंत गाडी मिळेल ना?”

“पाऊस बघा, बाब. आता मारला तर वर्षभरात परत याल. दिवाळीनंतर आणा.”

चवथीला दारात गाडी लखलखीत हवी, ही हौस आपल्या सगळ्यांची. पण बूथ नसलेल्या गॅरेजसाठी तो महिना सगळ्यांत वाईट. असं तोंडावर सांगणारा मेस्त भेटला तर त्याला सोडू नका.

[दृश्य : हात. पेपर फिरतोय, कडा विरत जाते.]

मग घरी काय करायचं? मजुरी वाचते ती इथे. रंगकामातला बराच वेळ घासण्यात आणि तयारीत जातो, गन चालते थोडा वेळ. बंपरवरचे ओरखडे, दाराच्या काठावरचे टवके, खडी उडून पडलेले ठिपके ही कामं घरची आहेत. गंजाची जागा 80 नंबरच्या खरखरीत सँडपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. मग 180, मग 320 नंबर लावून आजूबाजूच्या रंगाची कडा अशी विरवा की बोट फिरवलं तर पायरी लागू नये. उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. आपल्या हवेत एका रात्रीत त्यावर तांबूस झाक येते.

खड्डा बुजवायला पुट्टी भरलीत तर ती कोरडीच घासा. पुट्टी पाणी पिते, आणि आत राहिलेलं पाणी पुढे फोड होऊन बाहेर येतं.

गाडी साध्या पांढऱ्या रंगाची असेल तर डबीचा स्प्रे बऱ्यापैकी जुळतो. मेटॅलिक असेल तर मोह आवरा. त्यातले चमकीचे कण गनचा दाब आणि अंतर बदललं की वेगळे बसतात. कंपनीचा रंगाचा कोड तोच असला तरी छटा निराळी दिसते. जाणता मेस्त म्हणूनच शेजारच्या दारावर रंग विरवत नेतो.

[दृश्य : गॅरेजमध्ये मालक लोहचुंबक घेऊन दार तपासतो.]

गॅरेज निवडताना त्यानेच केलेली एखादी जुनी गाडी बघा. दारावर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. एखाद्या जागी ते धरलंच नाही तर तिथे पुट्टीचा जाड थर आहे. रंग टूके मारणार की एनसी, दिवे आणि हँडल काढणार की नुसती टेप लावणार, हे आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

विम्यातून खर्च काढायचा विचार असेल, तर एका ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती जाईल ते बघा. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. रंगच बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

गाडी हातात आल्यावर महिनाभर पॉलिश लावू नका, आणि उरलेला बेस रंग (पारदर्शक थराखालचा मूळ रंग) हार्डनर न घातलेला, घट्ट झाकणाच्या बाटलीत मागून घ्या. पुढच्या टवक्याला तोच कामी येतो.