जाकिटाखालचा ससा

(उदगीर येथे प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या आणि त्यांची चित्रं काढणाऱ्या इंग्रज लेखिका बिअ‍ॅट्रिक्स पॉटर म्हटलं की निळं जाकीट घातलेला ससा आठवतो. आता सशाला जाकीट घालणं काही अवघड नाही. आपल्याकडंही चित्रांतले ससे-कोल्हे सदरे घालून उभेच असतात. पण बऱ्याच ठिकाणी सदरा काढून पाहिला तर आत माणूसच निघतो. पॉटरबाईंच्या जाकिटाखाली मात्र खरा ससा असतो.

१८६६ साली लंडनच्या श्रीमंत घरात त्यांचा जन्म झाला. शाळेत धाडलंच नाही, शिक्षण घरीच. त्या आणि धाकटा भाऊ मिळून खोलीत ससे, उंदीर, वटवाघळं पाळायचे. एखादा प्राणी मेला की उकळून त्याची हाडं सुटी करायची, जुळवायची आणि चित्र काढायचं! किळस वाटेल, पण पाय खांद्यातून कसा वळतो हे असंच कळतं. पुढं अळिंब्यांचा नाद लागला. त्यांच्या बीजाणूंवरचा निबंध १८९७ मध्ये लिनियन सोसायटी या लंडनच्या निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेत गेला. बायकांना सभेत प्रवेश नव्हता, म्हणून तो दुसऱ्यानं मांडला.

सशाची गोष्ट आधी पत्रात आली. आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला १८९३ मध्ये त्यांनी ती चित्रं काढून लिहून पाठवली. पुस्तक करायचं ठरलं तेव्हा प्रकाशक नको म्हणाले. बाईंचाही हट्ट होता: पुस्तक पोराच्या हातात मावलं पाहिजे आणि स्वस्त पाहिजे. शेवटी डिसेंबर १९०१ मध्ये पदरचे पैसे घालून २५० प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक वॉर्न कंपनीनं रंगीत आवृत्ती काढली. तिच्या ८,००० प्रती प्रकाशनाआधीच संपल्या.

त्यातली एकच जागा बघा. मॅक्ग्रेगर नावाच्या माणसाच्या बागेतून पळताना आपल्या सशाचा, म्हणजे पीटरचा, एक बूट कोबीत पडतो, दुसरा बटाट्यांत. बूट गेल्यावर तो चार पायांवर पळतो, आणि वेग वाढतो. आणि सुरुवातीलाच आई पोरांना काय सांगते? त्या बागेत जाऊ नका, तुमच्या बाबांना धरून मॅक्ग्रेगरबाईंनी शिजवलं! आपण असतो तर ‘बाबा देवाघरी गेले’ म्हणून मोकळे झालो असतो.

१९०५ मध्ये वॉर्न घराण्यातल्या नॉर्मनशी लग्न ठरलं आणि महिन्याभरातच तो वारला. त्याच वर्षी बाईंनी लेक डिस्ट्रिक्ट या इंग्लंडच्या डोंगर-तळ्यांच्या भागात हिल टॉप नावाची शेती घेतली. १९१३ मध्ये तिथल्याच एका वकिलाशी लग्न केलं. पुढं पुस्तकं कमी होत गेली आणि शेती वाढत गेली. पुस्तकांची कमाई जमिनीत घातली म्हणा ना! हर्डविक ही तिथल्या डोंगराची मेंढी, लोकर जाडीभरडी, पण थंडीपावसाला दाद न देणारी. तिच्यासाठी बाईंनी केलेला आटापिटा दावणीला देवणी गाय टिकवणाऱ्या तुमच्यातल्या घरांना समजावून सांगायला नको. १९४३ मध्ये हर्डविक पाळणाऱ्यांच्या संघटनेनं त्यांना अध्यक्ष निवडलं, पण पद हाती घेण्याआधीच डिसेंबरात त्या गेल्या. ४,००० एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिली. मृत्युपत्रात अट घातली, की डोंगरावरच्या शेतांत मेंढ्या हर्डविकच राहतील, त्याही शुद्ध जातीच्या.