गॅस संपत नसतो

(घरगुती एसीच्या देखभालीविषयी डोंबिवलीतल्या एका सोसायटीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आत्ता वर येताना जिन्यात एका काकूंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "आमच्या एसीत दर मार्चमध्ये गॅस भरावा लागतो. यंदाही माणूस येऊन भरून गेला. हे असंच चालायचं का हो?" मी टिपण काढून आणलंय, पण काकूंच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. गेली तीस वर्षं घरोघरी हाच प्रश्न ऐकतोय.

एसीतला गॅस संपत नसतो. पेट्रोल जळून जातं, स्वयंपाकाचा सिलिंडर रिकामा होतो, तसं इथे काही होत नाही. माठातलं पाणी गार का होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. थोडं पाणी झिरपून त्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. एसीतही तेच घडतं, फक्त वाफ उडून जाऊ देत नाहीत. आतल्या कॉइलमध्ये द्रवाची वाफ होते, ती खोलीतली उष्णता उचलते. कॉम्प्रेसर ती दाबून बाहेरच्या कॉइलमध्ये पाठवतो, तिथे उष्णता सोडून तिचा पुन्हा द्रव होतो. सगळा कारभार बंद नळीत. दहा वर्षांपूर्वी भरलेला गॅस आजही तेवढाच असायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

एका घरी लागोपाठ चार उन्हाळे गॅस भरला होता. मी गेलो तेव्हा आउटडोअर युनिटच्या बाजूचं झाकण काढलं. तिथे तांब्याच्या दोन नळ्या पितळी नटांनी जोडलेल्या असतात, त्यांना आम्ही फ्लेअर नट म्हणतो. एका नटावरची धूळ कोरडी, पांढरट. दुसऱ्यावरची काळी आणि चिकट; बोट लावलं तर तेल लागलं. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं, म्हणून गॅस निसटतो तिथे तेलाचा ओलावा दिसतो. भांड्याच्या साबणाचा फेस ब्रशने लावला. थोडा वेळ काहीच नाही. मग नटाच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा आला, हरभऱ्याएवढा झाला, फुटला, पुन्हा आला. नळीचं पसरवलेलं तोंड चिरलं होतं. तेवढा तुकडा कापून नवा फ्लेअर केला, नायट्रोजनच्या दाबाखाली जोड तपासला, व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा आणि ओल काढली, आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरला. त्या एसीला पुन्हा गॅस लागला नाही.

म्हणून "गॅस कमी आहे" असं कोणी म्हणालं, तर आधी गळती दाखवायला सांगा. युनिटवरच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं, ते वाचा. आर-२२ जुन्या एसीत असतो. तो ओझोनच्या थराला घातक, म्हणून माँट्रियल करारानुसार बंद होत चाललाय. हल्ली बहुतेक ठिकाणी आर-३२ असतो. त्याने ओझोनला धोका नाही, पण एक किलो आर-३२ हवेत सोडला तर तापमानवाढीच्या हिशेबात तो सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. शिवाय तो पेट घेऊ शकतो, आणि आर-२९० तर प्रोपेनच आहे. नळी उघडली असताना घरात समई, उदबत्ती, शेगडी, काहीही पेटतं ठेवू नका.

आता हवेकडे येतो. कॉइलवर बर्फ दिसला की काही जणांना वाटतं, एसी झकास चाललाय. तो आजारी आहे. फिल्टर धुळीने बुजला की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइल शून्याच्या खाली उतरते, तिच्यावरचं पाणी गोठतं आणि उरलीसुरली वाटही बंद होते. गॅस कमी असला तरी बर्फ धरतो, पण आधी फिल्टर बघा. कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, बर्फ वितळू द्या; चाकूने खरवडू नका, कॉइलला भोक पडेल. आपल्याकडे चारी बाजूंना बांधकामं चाललीत, तेव्हा दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढा, मागच्या बाजूने नळाखाली धरा म्हणजे धूळ जिकडून आली तिकडेच निघेल, आणि सावलीत वाळवा. याला पैसा लागत नाही आणि पाच मिनिटांच्या वर वेळ लागत नाही.

पण फिल्टर चकचकीत असूनही कुबट वास येतो, तेव्हा मेनमधून वीज बंद करा आणि हवा बाहेर पडते त्या फटीतून टॉर्च मारा. आत लांब नळकांड्यासारखा ब्लोअर दिसेल. त्याच्या पात्यांवर काळं, ओलसर लिंपण बसलं असेल तर वास तिथलाच आहे. त्यासाठी जेट पंपाची ओली सर्व्हिस लागते. वर्षातून दोनदा करा, एकदा पाडव्याच्या आधी आणि एकदा पावसाळा सरल्यावर. रोज एसी बंद करण्याआधी थोडा वेळ नुसता पंखा चालवला तर कॉइल कोरडी होते आणि वास धरायला उशीर लागतो.

पाण्याचं महत्त्व आपण मुंबईच्या आसपासच्या माणसांनी जास्त ओळखायला हवं. विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जे यंत्र आखलं, ते कागदाला दमट हवेचा त्रास होऊ नये म्हणून. हवेतली ओल काढणं हे एसीचं मूळ काम. आपल्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. ते ड्रेन पाइपमधून बाहेर जातं. पाइपला उतार नसेल, आत शेवाळासारखा गाळ धरला असेल, तर तेच पाणी भिंतीवरून खाली येतं. तिथे गॅसचा काही संबंध नाही, पाइप फुंकून धुतला की काम झालं. साठवलेलं पाणी लादी पुसायला घ्या. पिऊ नका आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत तर अजिबात घालू नका. ते डिस्टिल्ड वाटलं तरी त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश असतो.

घरच्या घरी करायची एक तपासणी सांगतो. एसी वीस मिनिटं चालू द्या, मग साधा थर्मामीटर आधी वर, हवा आत ओढली जाते तिथे धरा आणि नंतर बाहेर पडते तिथे. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असावा. हवा फार दमट असेल तर थोडा कमी. फिल्टर स्वच्छ असूनही फरक तीन-चारच असेल, तर तंत्रज्ञाला बोलवा आणि हे आकडे त्याला सांगा. प्लग हाताला गरम लागला किंवा पिना काळ्या पडल्या असतील, तर त्याच क्षणी एसी बंद.

आणि ज्याबद्दल मला मनापासून बोलायचं होतं, ते आउटडोअर युनिट. तो सगळ्यांत कमी धुतला जातो, कारण तिथे हात पोचत नाही. कबुतरं मागे घरटी करतात, पिसं आणि काड्या कॉइलला चिकटतात, उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर तापत राहतो. आणि मग आयटीआयमधून नुकताच निघालेला वीस वर्षांचा पोरगा पाचव्या मजल्यावर एका हाताने ग्रिल धरतो, पाय सज्जाच्या कडेवर टेकवतो आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवतो. मी स्वतः अशी कामं केली आहेत. आज माझ्या पोरांना करू देत नाही. माणूस दोन्ही पाय टेकून उभा राहील अशीच जागा युनिटला द्या. ग्रिलला उघडणारी खिडकी करून घ्या. येणाऱ्या मुलाकडे सेफ्टी बेल्ट नसेल तर त्याला परत पाठवा, काम उद्या होईल.

काकू, तुमचा आउटडोअर कुठे आहे? गॅलरीत ना? मग हे आटोपलं की आपण जाऊ. ब्रश आहे माझ्याकडे, तुम्ही फक्त वाटीभर साबणाचा फेस करून द्या.