सेल्फच्या केबलचं माप

मंडळी, फोंड्याचे पिवळ्या मडगार्डवाले पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, आज समोर बसलेत, गॅरेजवाले आहेत, म्हणून सरळ केबललाच हात घालतो.

हा तुकडा बघा. गेल्या पावसात एका पायलटभावाच्या गाडीतून काढला. सकाळी सेल्फ दाबला की रिले, म्हणजे मोटरला करंट जोडणारा स्विच, नुसता टकटक करायचा. त्यांनी दोनदा बॅटरी बदलली. दुसरी बदलायला मीच सांगितलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी अर्थची, म्हणजे बॅटरीच्या मायनसवरून इंजिनला जाणारी केबल सोलली. वरून काळीभोर, नवी वाटावी अशी. आत लगपासून, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीपासून, वीतभर तांबं हिरवं पडलेलं, बोटांत चोळलं तर भुगा. आपली खारी, दमट हवा लगच्या तोंडातून तारांमध्ये शिरते.

आता माप. घराच्या वायरिंगमध्ये वायर तापू नये हे आधी बघतात. सेल्फ चालतो दोन-तीन सेकंद, तेवढ्यात केबल फारशी तापत नाही. तिथं बघायचं ते वाटेत किती व्होल्ट गळतात. एक मीटर लांब, एक स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध साधारण 0.0172 ओहम. मोटर 100 अँपिअर ओढते असं धरा, आणि जाणारी-येणारी मिळून केबल दीड मीटर. 2.5 स्क्वेअरची घातली तर एक व्होल्ट वाटेतच गेला. 6 ची घातली तर 0.43, 16 ची तर 0.16. सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट आधीच खाली बसलेले असतात, तिथं तो एक व्होल्ट फार जड जातो.

म्हणून कंपनीच्या मापाखाली उतरू नका. बॅटरी जागेवरून हलवून लांबी वाढवलीत तर जाडीही वाढवा. आणि प्लसला जाड, अर्थला हाताशी येईल ती, असं करू नका. करंट जेवढा जातो तेवढाच परत येतो. उगाच दोरखंडाएवढी केबलही नको. ती वाकत नाही, आणि गाडीच्या हादऱ्यांनी बॅटरीचा टर्मिनल ढिला करते. बारीक तारांची, लवचीक घ्या. गेजमध्ये, म्हणजे जाडीच्या नंबरात, मागताना लक्षात ठेवा, तिथं आकडा लहान तशी वायर जाड.

घेताना एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याच जाडीत त्याचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट. प्लास्टिकच्या जाडीवर तर अजिबात जाऊ नका. लग नीट दाबून बसवा, वर गोंदवाली श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, चढवा.

त्या गाडीवर मीटर असा लावला होता: एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ दाबलेला. 0.2 व्होल्टच्या आत हवं, तिथं 0.9 आलं. बाहेर अंगणात दोन गाड्या उभ्या केल्यात. मीटर माझ्याकडे आहे, आता तुम्ही लावून बघा.