शेवटचा एक किलोमीटर: आर्मा ३ मधलं हेलिकॉप्टर

नमस्कार मंडळी. नाशिकरोडच्या लोकांना हेलिकॉप्टरचं काही नवल नाही, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल आहे, चेतक आणि चीता डोक्यावरून रोजच जातात. मी लहानपणी गच्चीवरून बघायचो तेव्हा एक गोष्ट कळायची नाही, की ही पोरं लांब कुठे जात का नाहीत, तीच तीच चक्कर, उतरले की परत वर, परत चक्कर, परत खाली. त्याचं उत्तर मला खूप वर्षांनी मिळालं, आर्मा ३ या कॉम्प्युटर गेममध्ये हेलिकॉप्टर चालवायला लागलो तेव्हा. हेलिकॉप्टर उडवायला आठवडाभरात येतं, उतरवायला शिकण्यात खरा वेळ जातो. आज मी फक्त त्याच्याबद्दलच बोलणार आहे, मिसाईल आणि गनशिपबद्दल नाही, कारण माझं काम माणसं नेण्याचं आहे आणि मला तेच आवडतं.

ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आर्मा ३ हा चेक रिपब्लिकच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हचा २०१३ चा सैनिकी गेम. त्यातलं अल्टिस हे बेट ग्रीसच्या लेम्नॉसवरून बनवलंय, साधारण २७० चौरस किलोमीटर, म्हणजे पायी निघालात तर अख्खी संध्याकाळ चालण्यात जाईल. म्हणून पायलट लागतो. गेममधल्या मोहॉक हेलिकॉप्टरमध्ये मागे १६ जण बसतात, ती १६ खरी माणसं असतात, कोणी ऑफिसवरून येऊन जेवून बसलेलं, कोणी पोराला झोपवून, आणि बऱ्याच मिशनमध्ये एकदा मेलात की रात्र संपली, पुढचे दोन तास नुसतं बघत बसायचं. त्यामुळे तुमच्या हातात स्टिक असते तेव्हा त्या सगळ्यांची संध्याकाळ तुमच्या हातात असते, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आता मशीनबद्दल. दोन गोष्टी आधी डोक्यात बसवा. कलेक्टिव्ह म्हणजे पात्यांचा कोन एकदम वाढवणं-कमी करणं, कीबोर्डवर शिफ्ट आणि झेड. सायक्लिक म्हणजे रोटरची थाळी पुढे-मागे-बाजूला कलवणं. नवीन माणसाची चूक कुठे होते, तर त्याला वाटतं स्टिक पुढे म्हणजे हेलिकॉप्टर पुढे, स्टिक मधे म्हणजे थांबलं. तसं नसतं. स्टिक पुढे केली की नाक खाली जातं, नाक खाली असेपर्यंत वेग वाढत राहतो, आणि स्टिक मधे आणली तरी मिळालेला वेग तसाच राहतो, तो मारायला उलटं कलवावं लागतं आणि ते उलटं कलवणं पण वेळेच्या आधी काढून घ्यावं लागतं. ओल्या फरशीवर पाण्याने भरलेली बादली सरकवून बघा, बादली थांबते पण आतलं पाणी पुढे जातच असतं, तसं. म्हणून नवीन पायलट झोके खात राहतो, डावीकडे गेलं की उजवीकडे ओढतो, मग जास्तच उजवीकडे, मग परत डावीकडे. बोट हलकं ठेवा, छोटी टिचकी द्या, अर्धा सेकंद थांबा, बघा काय झालं, मग दुसरी. हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं, जमला म्हणजे हा अर्धा सेकंद थांबणं जमलं.

गेममध्ये उडण्याचे दोन प्रकार आहेत. साधं मॉडेल, ज्यात बरंच काही माफ असतं, आणि ॲडव्हान्स्ड फ्लाइट मॉडेल, जे २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये हेलिकॉप्टर्स डीएलसीबरोबर (डीएलसी म्हणजे गेमला नंतर जोडलेला भाग) आलं, बोहेमियाच्याच टेक ऑन हेलिकॉप्टर्स या सिम्युलेटरमधलं. डीएलसीतली नवी हेलिकॉप्टरं विकत होती पण हे मॉडेल सगळ्यांना फुकट मिळालं, आणि सर्व्हरवाला हवं तर सगळ्यांना ते सक्तीचं करू शकतो. त्यात कलेक्टिव्ह ओढला की टॉर्कमुळे, म्हणजे रोटरच्या उलट्या जोरामुळे, नाक एका बाजूला वळायला लागतं आणि पेडल द्यावं लागतं, म्हणजे शेपटीच्या पंख्याचा जोर बदलावा लागतो. खऱ्या जगात पण हेच आहे, अमेरिकन हेलिकॉप्टरचा रोटर वरून बघितला तर घड्याळाच्या उलट फिरतो म्हणून पॉवर दिली की डावं पेडल, आणि आपलं चेतक मूळचं फ्रेंच डिझाईन, त्याचा रोटर घड्याळाप्रमाणे, म्हणून तिथे उजवं. डीएलसीमधल्या तारूला एकावर एक दोन रोटर आहेत, उलटसुलट फिरणारे, त्याला शेपटीचा पंखा लागतच नाही. (आपल्याकडे तारू म्हणजे जहाज, मला ते नाव म्हणूनच फार आवडतं, ओझं वाहायलाच बनवलेलं मशीन आहे ते.)

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते तिच्यावर येतो, व्होर्टेक्स रिंग. हेलिकॉप्टर जागच्या जागी सरळ खाली यायला लागलं की ते स्वतःच खाली ढकललेल्या हवेत उतरत असतं. ती हवा पात्यांच्या टोकांवरून गोल फिरून परत वर येते, रोटर तीच हवा परत ओढतो, आणि मग तुम्ही कलेक्टिव्ह जितका जास्त ओढाल तितका तो भोवरा जोरात फिरतो आणि तुम्ही जास्त वेगाने खाली जाता. हाताची सवय सांगते खाली पडतोय तर वर ओढ, आणि तेच ओढणं तुम्हाला जमिनीत घालतं. २ मे २०११ ला अबोटाबादला बिन लादेनच्या घरावरच्या छाप्यात अमेरिकेचं एक हेलिकॉप्टर आवारात कोसळलं ते ह्याच कारणाने, असं सांगितलं जातं. सराव केला तिथे आवाराला जाळीचं कुंपण होतं, हवा आरपार जायची, आणि खऱ्या घराला उंच भक्कम भिंती होत्या, हवेला बाहेर जायला जागाच नव्हती.

माझ्या हातून हे झालंय. रात्रीचं मिशन, अल्टिसवरच्या कावाला गावाच्या वरच्या डोंगरात उतरायचं होतं, मागे १६ जण, आणि मी उंचावरून जास्त वेगात आलो, वेग मारला, आणि मग लक्षात आलं की जागा बरोबर पायाखाली आहे पण मी अजून ६० मीटर वर आहे. तेव्हा गोल फिरून परत यायचं सोडून मी सरळ खाली सोडलं. आकडा बघतोय, सेकंदाला ३ मीटर, ५ मीटर, मशीन थरथरायला लागलं, मी कलेक्टिव्ह पूर्ण ओढला, ८ मीटर, आणि संपलं. हेडफोनवर कोणी ओरडलं नाही, कोणी काही बोललंच नाही, आणि ती शांतता मला अजून आठवते. एक मित्र म्युनिकहून खेळायचा, तो एवढंच म्हणाला, "अरे, एक चक्कर मारून यायचं होतं ना रे." बरोबर म्हणाला तो.

म्हणून नियम असा ठेवा. ताशी ४० किलोमीटरच्या खाली वेग गेला की खाली येणं सेकंदाला दीड-दोन मीटरच्या आत. थरथर जाणवली तर आधी कलेक्टिव्ह कमी करा, नाक पुढे टाका, त्या घाण हवेतून बाहेर पडा, मग पॉवर. मनाविरुद्ध वाटतं, पण ऑफलाईन एडिटरमध्ये ५०० मीटरवर जाऊन मुद्दाम वीस वेळा हे करून बघा, हाताला कळलं पाहिजे. खाली जागा नसेल तर हा उपाय चालत नाही, म्हणून खरा उपाय म्हणजे तिथवर जायचंच नाही.

आणि तिथवर जायचं नसेल तर शेवटचा एक किलोमीटर नीट आखा. मी असा येतो: एक किलोमीटरवर ताशी १५० चा वेग आणि उंची साधारण १०० मीटर. तिथून कलेक्टिव्ह थोडा खाली, नाक किंचित वर. इथे लोक घाई करतात, नाक एकदम वर ओढतात, मग हेलिकॉप्टर फुग्यासारखं वर जातं आणि जागा नाकाखाली गायब होते. दोन्ही हात बरोबर चालले पाहिजेत, नाक जितकं वर तितका कलेक्टिव्ह खाली. जागेपासून तीनशे मीटरवर वेग ६०-७०. उतरायची जागा काचेवर एकाच ठिकाणी दिसत राहिली पाहिजे, वर सरकली तर तुम्ही कमी पडताय, खाली सरकली तर पुढे जाताय. वेग आणि उंची एकाच क्षणी संपली पाहिजे. अगदी शेवटी, रोटरच्या एका व्यासाइतक्या उंचीवर आलात की जमिनीचा आधार मिळतो, मशीन हलकं वाटतं, तिथे नाक सरळ करून बसवून टाका.

गोळीबार चालू असेल तर एवढा वेळ नसतो, मग जे-हुक. जमिनीलगत वेगात या, जागेच्या बाजूने जाताना हेलिकॉप्टर आडवं कलवा आणि जागेकडे वळत नाक ओढा. नुसतं नाक ओढलं असतं तर वर फेकले गेला असता, पण कलल्यामुळे रोटरचा जोर आडवा लागतो, तो वेग खातो आणि उंची तशीच राहते. बघायला फार सुंदर दिसतं, आणि म्हणूनच पोरं गरज नसताना करतात. शेपूट झाडाला लागलं की सुंदर काही राहत नाही. मागे माणसं असताना ते दाखवायला करू नका.

मल्टिप्लेअरची एक वेगळी गोष्ट आहे. हेलिकॉप्टरचं गणित पायलटच्या कॉम्प्युटरवर चालतं, बाकीच्यांना नेटवरून आलेलं चित्र दिसतं. तुमचं नेट डळमळलं तर तुम्हाला सगळं मस्त दिसतं आणि मागच्याला तुम्ही उड्या मारताना दिसता. म्हणून फॉर्मेशनमध्ये अंतर सोडा, आणि माणसं उतरवताना चाकं टेकल्यावर पूर्ण थांबा, त्यांच्या स्क्रीनवर हेलिकॉप्टर अजून टेकलेलंच नसेल. "सगळे उतरले" असं टीम लीडरने सांगितल्याशिवाय उठू नका, आणि त्यानंतरही एकदा सीट मोजा.

शेवटी, जॉयस्टिक घ्यायलाच हवी का, हा प्रश्न इथे आधीच तिघांनी विचारलाय. कीबोर्डवर उत्तम उडवणारे लोक मी बघितलेत, घ्यायलाच हवी असं नाही. पण घेतलीत तर एक करा, सेटिंगमध्ये कलेक्टिव्हच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत, एक साधी आणि एक ॲनालॉग. थ्रॉटलची दांडी ॲनालॉगला लावा. साधीला लावली तर दांडी अर्ध्यावर ठेवूनही कलेक्टिव्ह वाढतच जातो आणि तुम्ही आठवडाभर स्वतःच्या हाताला दोष देत बसता. लॅपटॉप आणलेल्यांनी आता पुढे या, ती नोंद दाखवतो आणि मग एकेक जण उतरवून बघू.